नॉन्नाचं कुंकू

मेपल ग्रोव्ह, मिनेसोटा
९ नोव्हेंबर

आशू,

आशीर्वाद लिहायची हाताला सवय आहे, म्हणून पेन जरा अडखळलं. सावरलं आणि पुढे आले.

तुझी ईमेल पोचली. 'हाय ताई, सीझन सुरू होतोय. तुल्लिओसाठी नेहमीचं वॅक्स पाठव ना. आणि या वेळी रेसिपीपण.' मार्चपासून माझा फोन ब्लॉक, व्हॉट्सॲप ब्लॉक, अमेयलासुद्धा ब्लॉक. माझ्या नवऱ्याने तुझं काय घोडं मारलं होतं? आणि आता थंडी पडल्याबरोबर एकदम 'पाठव ना'. गरज पडली की तुझ्या बोलण्यात 'ना' यायला लागतो, हे मिरजेपासूनचं आहे.

फोन नाही तर नाही. वॅक्स हवं तर डबा उघडावा लागेल, आणि उघडलास की वर माझं पत्र असेल. हे तुला ब्लॉक करता येणार नाही.

डब्यावरून आठवलं. एप्रिलमध्ये तू तो परत पाठवलास तेव्हा रिकामा होता. आईचा डबा. झाकणावर टिंबाटिंबांनी 'सौ. कुमुद सबनीस' असं नाव घातलेला. कुणाचाही डबा रिकामा परत करू नये, हे आपल्याला पाटी हातात यायच्या आधी शिकवलं होतं. अगदीच काही नसलं तर आई त्यात चमचाभर साखर घालायची. तुमच्या युटामध्ये साखर मिळत नाही वाटतं.

तू पत्रकारांना एक गोष्ट सांगतेस. रोज सांगून आता ती तुलाच खरी वाटत असेल. म्हणून झालं तसं एकदा लिहिते.

उर्वी शाळेच्या स्की टीममध्ये गेली, तेव्हा मी वॅक्स लावणाऱ्या पालकांमध्ये नाव दिलं. बाकीचे आईबाप बर्फात उभे राहून ओरडायचे, मला गॅरेजमधलं हीटरजवळचं काम बरं वाटलं. रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये माझी उमर गेली, त्यामुळे राळ, मेण, पाइनचा चीक यांचं मला भय नव्हतं. स्कीच्या पोटाला मधोमध जे वॅक्स लावतात, त्याने चढावर बर्फ धरायचा आणि उतारावर सोडायचा. थंडी कडक असली की दुकानातलं चालतं. पण तापमान शून्याच्या जवळ आणि बर्फ ताजा, ओला असला की ते दगा देतं. एकतर पाय मागे सटकतो, नाहीतर स्कीला बर्फाचे गोळे चिकटून माणूस खिळल्यासारखा उभा राहतो. मी घरी शिजवून पाहायला लागले. थर्मामीटर लावून काही जमेना. मग एकदा थेंब अंगठा आणि बोटात धरून पाहिला, आई पाकाची तार बघायची तसा, आणि जमलं. तेव्हा गॅरेजमध्ये मी एकटीच होते, तरी मोठ्याने म्हणाले, 'जमलं गं आई.'

तुल्लिओ ब्रेसान तेव्हा कोण होता? इटलीच्या संघातून काढून टाकलेला, पस्तिशी उलटलेला, रिलेतलं एकुलतं एक ब्राँझ मेडल मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवणारा माणूस. उर्वीच्या टीमला शिकवायला आला आणि आमच्याकडे जेवायला लागला. तुझी सनीव्हेलची नोकरी गेली म्हणून तू आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आलीस, ती त्याला माझ्या टेबलावर भेटलीस आणि पुढे त्याची बायको झालीस. माझं वॅक्स लावून तो विस्कॉन्सिनची पन्नास किलोमीटरची मोठी शर्यत जिंकला. गॅरेजमध्ये येऊन तो माझ्या पाया पडला होता. तूच शिकवलं होतंस, आणि तूच फोटो काढला होतास. तो फोटो मी कुठेच पाहिला नाही.

आणि मग तुझी मार्केटिंगची अक्कल जागी झाली. वॅक्स नॉन्नाचं! म्हणजे तुल्लिओच्या आजीचं, डोंगरातल्या गावची जुनी कृती! त्याची खरी आजी नेपल्सला कोट शिवायची. थंडी सोसत नाही म्हणून नातवाच्या डोंगरात ती कधी पाऊल टाकायला आली नाही, हे त्यानेच माझी आमटी ओरपताना सांगितलंय. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ पाहिले, तू तर अख्खी रांगोळी घातलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "ताई, यू आर जस्ट जेलस." आणि ब्लॉक.

वॅक्स पाठवलंय, कारण बर्फाचं आणि माझं काही वाकडं नाही. त्याबदली मला एक वाक्य हवंय. पुढच्या मुलाखतीत तुल्लिओने म्हणायचं, 'हे वॅक्स सुमेधा करते.' त्याच्या तोंडून तेवढं ऐकलं की माझं भांडण संपलं.

डबा परत येईल तेव्हा त्यात काय आहे ते बघते.

ताई


१२ डिसेंबर

आशू,

डबा आला. आत टिश्यू पेपर होता. हा भरलेला म्हणायचा का?

ते सकाळचे टीव्ही शो मी बघत नाही. तुल्लिओ त्या स्वयंपाकघराच्या सेटवर लाल स्वेटर घालून आला होता, त्याच्या डाव्या बाहीवर आजीचा चेहरा विणला होता, आणि अँकरबाईने विचारलं, "सो व्हॉट इज द सीक्रेट?" तेव्हा त्याने छातीवर हात ठेवून, डोळे मिटून "नॉन्ना" म्हटलं, आणि प्रेक्षकांतल्या दोन बायांनी डोळे पुसले. हे मला कुणीतरी सांगितलं.

त्याची लोकप्रियता आता आमच्या मराठी मंडळापर्यंत पोचलीय. दिवाळीच्या कार्यक्रमाला निधी 'ग्रात्सिए नॉन्ना', म्हणजे 'थँक्यू आजी', लिहिलेला टी-शर्ट घालून आली होती. बर्फावर पाय ठेवला तर पडेल ती बाई. मला म्हणते, "सुमेधा, तुझ्या बहिणीचा नवरा किती डाउन-टू-अर्थ आहे गं! आजीला किती मानतो!" मी तिच्या पानात आणखी एक करंजी वाढली. तोंडात काहीतरी असलं की ती बोलत नाही.

आता तुझ्या रेसिपीचं. एक कंपनी नॉन्नाचं वॅक्स बाजारात आणणार आणि त्यांच्या केमिस्टला कृती हवीय, असं कळलं. तू सांगितलं नाहीस, त्याच केमिस्टने मला फोन केला. त्याला वाटलं मी तुल्लिओची दुभाषी आहे. नॉन्नाचं इटालियन इंग्लिशमध्ये करणारी! मी फोन ठेवला नाही. "बोला," म्हटलं.

सगळी कृती दिली, आशू. मला माहितीय, तुला वाटेल ताईने एखादा जिन्नस गाळला असणार. शेजारच्या काकू अनारशांची कृती सांगताना हमखास काहीतरी गाळायच्या, आणि आई त्यांना हसायची. "कृती दिल्याने हात जात नाही," म्हणायची. तिने गल्लीभर रव्याच्या लाडवाची कृती वाटली, एकीचेही लाडू तिच्यासारखे वळले नाहीत. मीही काही गाळलं नाही. राळ किती, मेण किती, चीक कधी, सगळं. शेवटी सांगितलं, "एकतारीच्या पुढे आणि दोनतारीच्या अलीकडे उतरवा."

"व्हॉट टेंपरेचर इज दॅट?" तो म्हणाला.

"ते राळेवर असतं. बोटाने बघा."

"मॅम, वुई कान्ट पुट फिंगर्स इन द प्रोसेस."

मग नॉन्नाला विचारा, म्हटलं.

या डब्यात डिसेंबरपुरतं वॅक्स आहे. वाक्य अजून आलेलं नाही. मी वाट बघते आहे असं समजू नकोस. मी मोजते आहे.

ताई


१४ जानेवारी, संक्रांत

आशू,

आज गोड बोलायचा दिवस आहे. मी बोलणार नाही.

उर्वीने स्कीच्या दुकानातून तुमच्या नव्या वॅक्सची डबी आणली. टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आई, डोन्ट फ्रीक आउट. पण ही आजी आहे."

मी डबी हातात घेतली. वर 'नॉन्ना आन्येझे'. खाली म्हातारी बाई, डोक्याला रुमाल बांधलेली, मागे बर्फाचे डोंगर. हनुवटीवरचा तीळ. उन्हामुळे बारीक झालेले डोळे. आशू, ही आपली आई आहे. गच्चीवर पापड वाळत घालतानाचा फोटो, ऊन लागू नये म्हणून तिने डोक्यावरून पदर घेतला होता. तुम्ही त्या पदराचा रुमाल केलात. तो फोटो माझ्या देवघराशेजारी होता, एकुलता एक. गेल्या वर्षी तू चांगल्या फ्रेममध्ये बसवून आणते म्हणून घेऊन गेलीस.

आणि तू तिचं कुंकू पुसलंस.

आई सवाष्ण गेली, आशू. मळवट भरून गेली. तूच पायाशी बसून रडत होतीस, मी इथून फोनवर बघत होते. बाबा अजून मिरजेत रोज सकाळी स्टेशनपर्यंत चालत जातात आणि पेपर घेऊन येतात. आणि इथे दुकानादुकानात आई कोऱ्या कपाळाने उभी आहे. नाव दुसरं, देश दुसरा. माझं नाव खाल्लंस ते मी गिळलं नव्हतं, पण चावत तरी होते. हे घशाखाली जायचं नाही.

दुपारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायका यायच्या आधी मी करंडा पर्समध्ये टाकला आणि दुकानात गेले. शेल्फवर नॉन्ना ओळीने बसल्या होत्या, अगदी बोलावल्यासारख्या. एकेकीला कुंकू लावलं, अनामिकेने, नीट मधोमध. काउंटरवरची बाई आली. "मॅम? आर यू ओके?"

"शी इज माय मदर," मी म्हटलं. "हर हजबंड इज अलाइव्ह."

मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिने तो खाल्ला, म्हणाली, "दिस इज गुड." तिलाही कळलं गूळ कुठल्या तारेला उतरवला होता ते. एवढं तुमच्या केमिस्टला कळेना.

घरी आल्यावर तुला फोन लावला. पहिल्यांदाच लागला! म्हणजे अनब्लॉक केलं होतंस, बहुतेक वॅक्स संपलं असावं. तू काय म्हणालीस ते मी विसरणार नाही. "ताई, इट्स जस्ट ब्रँडिंग यार. उलट आईला किती आवडलं असतं, सगळ्या अमेरिकेत तिचा चेहरा!" चेहरा, आशू. नाव नाही, कुंकू नाही, नुसता चेहरा.

फोटो परत पाठव. या वेळी डबा मी पाठवत नाही. तुझ्याकडून परत आला तो माझ्याकडे घासून ठेवलाय.

सुमेधाताई


२१ फेब्रुवारी, शर्यतीची सकाळ
विस्कॉन्सिन

आशू,

हे मोटेलच्या टेबलावर लिहितेय. उर्वी डबा तुझ्या हातात देईल तेव्हा स्टार्ट जवळ आलेला असेल, म्हणून तू आधी डबा उघडशील आणि पत्र नंतर वाचशील. तुझ्याकडून तेवढंच अपेक्षित आहे.

परवा तुल्लिओ आमच्या गॅरेजमध्ये आला होता हे तुला माहीत आहेच, तूच पाठवलंस त्याला. कंपनीचं वॅक्स कडक थंडीत चाललं, पण जानेवारीच्या शेवटी मऊ बर्फ पडला तेव्हा तो चढावर उभाच राहिला म्हणे. शनिवारी शून्याच्या आसपास, रात्री ताजा बर्फ. त्याची ही शेवटची मोठी शर्यत. जिंकला तर नॉन्ना जन्मभराची, हरला तर एक म्हातारा खेळाडू. हे सगळं त्याने हातमोजे कुरवाळत सांगितलं. वाईट वाटलं. मी खोटं कशाला बोलू? तो चांगला स्कीअर आहे. चढावर त्याला पाहिलं की वाटतं डोंगरच त्याच्यासाठी थोडा वाकलाय.

मी त्याच्यासमोर डबी ठेवली. "हू इज शी, तुल्लिओ?"

तो डबीकडे न बघता म्हणाला, "आशू सेड इट्स ओके. शी सेड, युअर मदर वुड लाइक इट."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. आई गेली तेव्हा मी रडत असताना माझ्यासाठी कॉफी करणारा माणूस हा.

"शुक्रवारी पत्रकार भेटतील," मी म्हटलं. "तिथे माझं नाव घे. आईचं घे. शनिवारी वॅक्स तुझ्या हातात असेल."

"सुमेधा, पीपल लव्ह नॉन्ना."

"आणि मी?"

"यू आर..." त्याने गॅरेजभर नजर फिरवली, हीटर, पातेलं, उर्वीची जुनी सायकल. "यू आर अ केमिस्ट." एखाद्याला पथ्य सांगावं तसा म्हणाला. मग म्हणाला, "आफ्टर द रेस. आय प्रॉमिस."

काल त्या पत्रकारांपुढे पुन्हा छातीवर हात, पुन्हा मिटलेले डोळे. मी मागच्या रांगेत होते. तू मला पाहिलंस आणि मान फिरवलीस. संध्याकाळी मात्र मेसेज आला: 'ताई प्लीज. फक्त उद्यापुरतं. प्लीज ना.' मी उत्तर दिलं, 'डबा पाठवते. रिकामा पाठवणार नाही.'

शब्द पाळलाय. रिकामा नाही.

चिवडा आहे. पातळ पोह्यांचा, आईच्या पद्धतीचा, खोबऱ्याचे काप घालून. स्कीला लावा, नाहीतर खा. वॅक्सचं म्हणशील तर मी पातेलं भरून केलं होतं. आज सकाळी ते उर्वीच्या सगळ्या टीमच्या स्कींना लावलं. मोटेलच्या पार्किंग लॉटमध्ये जो माणूस स्की घेऊन समोर आला त्यालाही लावलं. एका आजोबांनी विचारलं, कुणाचं आहे हे? मी म्हटलं, "माझं. मी सुमेधा. कृती माझ्या आईच्या हाताची, तिचं नाव कुमुद." अर्धा दिवस तेच म्हणत राहिले तरी माझं तोंड दुखणार नाही.

तुल्लिओला म्हणावं, शर्यतीनंतर नक्की वॅक्स देईन. आफ्टर द रेस. आय प्रॉमिस.

सुमेधा


१५ मार्च

आशू,

शर्यत मी चढाच्या वळणावर उभी राहून पाहिली. आघाडीचे गेले, त्यांच्यात तुल्लिओ होता. दुसऱ्या फेरीला नव्हता. बऱ्याच वेळाने आला. स्कीखाली बर्फाचे हे एवढे गोळे, वाकून हातातल्या पोलच्या टोकाने खरवडतोय, चार पावलं टाकतोय, परत खरवडतोय. शेजारून ते पार्किंगमधले आजोबा सुळकन पुढे गेले. तुल्लिओने मान वर केली तेव्हा मी समोरच होते. मी हात हलवला नाही. टाळ्याही वाजवल्या नाहीत. त्याच्यासाठी मी टाळ्या वाजवल्या नाहीत असं पहिल्यांदाच झालं.

आणि मग त्याने वाक्य म्हटलं! माइक पुढे केल्याबरोबर, धापा टाकत: "द वॅक्स इज मेड बाय अ वुमन इन मेपल ग्रोव्ह. सुमेधा. शी डिड नॉट सेंड इट." किती महिने त्या एका वाक्यासाठी मी डबे भरले, आणि ते आलं तेव्हा माझ्यावर दोष ठेवायला आलं. त्या दिवसापासून लोक मला ऑनलाइन शिव्या घालताहेत. नॉन्नाच्या नातवाला दगा देणारी बाई! उर्वी वाचून दाखवते, अमेय म्हणतो, "काय यार सुमेधा, फेमस झालीस." पण दुसऱ्या दिवशी एका बातमीदाराने विचारलंच की नॉन्ना होती तर सुमेधा कोण? तिसऱ्या दिवशी दुसऱ्याने विचारलं डबीवर कोण आहे? मी दोघांनाही आईचं पूर्ण नाव सांगितलं. दुकानातलं ते शेल्फ आता मोकळं आहे. तुल्लिओ शिकवायची नोकरी शोधतोय असं ऐकलं.

तुला वाटेल मला आता वाईट वाटत असेल. नाही वाटत. शांत झोप लागते. इतकी शांत की कधीकधी त्याचाच राग येतो.

काल डबा आला. वजन लागलं म्हणून आधी हलवून पाहिला. आत आईचा फोटो होता, तुझ्या जुन्या ओढणीत गुंडाळलेला. पदर, तीळ, पापडांचं ताट, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी ओढणी झटकली. डबा उपडा करून पाहिला. झाकणाच्या आतही पाहिलं. चिठ्ठी नव्हती. एक ओळ नाही, आशू. ईमेलमध्ये 'ना' लिहिता येतो, इथे एक शब्द नाही फुटला.

फोटो जागेवर लावलाय. ओढणी धुऊन ठेवलीय, ती देणार नाही.

डबा मात्र परत पाठवतेय. आता तो तुझ्याकडेच राहू दे. झाकणावरचं नाव रोज वाच, 'सौ.'पासून. आणि उघडलास की घाबरू नकोस. या वेळी पत्राखाली काही नाही.

साखरेचा चमचा भरून घेतला होता. मग परत बरणीत ओतला.

सुमेधा